युद्धाच्या नकाशातला बाण किती माणसांचा असतो?

रेघोट्या (धागाकर्ता)

टीव्हीवर कुठलंही युद्ध सुरू झालं की मी आवाज बंद करून बघतो. जुनी खोड आहे. अठरा वर्षं एका मराठी दैनिकात आर्टिस्ट म्हणून काढली. आर्टिस्ट म्हणजे दिवाळीला पणती, गणपतीला मोदक, बजेटला रुपयाचं नाणं आणि लढाई जुंपली की नकाशा. त्यामुळे अँकर काय ओरडतोय यापेक्षा त्याच्या मागच्या पडद्यावर काय काढलंय तिकडेच डोळा जातो. दर वेळी तेच असतं. एक जाडजूड लाल बाण, एक निळा बाण, मध्ये फटाका. बाणाचं टोक टेकलं तिथे सैन्य पोचलं. निघाले किती, पोचले किती, वाटेत खाल्लं काय, पत्ता नाही.

हा धागा त्या बाणाबद्दल आहे. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी पापं सांगतो. १९९९ चा जून, कारगिलचं युद्ध चालू. संध्याकाळी वृत्तसंस्थेचा इंग्रजी नकाशा यायचा. तो कोरल ड्रॉमध्ये ट्रेस करायचा, नावं मराठीत टाकायची, अकराच्या आत पान सोडायचं. द्रास की ड्रास, मश्को की मुश्कोह, यावर उपसंपादकांची रोज जुंपायची. देशाची बाह्यरेषा मात्र सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणेच हवी, त्यात चूक झाली तर १९६१ च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत आत, ही भीती नोकरीच्या पहिल्याच दिवशी घातलेली. त्या एका रेघेला चार जण तपासायचे. उरलेल्या नकाशात मी काय काढतोय हे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

पहिले आठ दिवस मीही बाणच काढले. मग एकदा पान पाठवून झाल्यावर स्वतःचाच नकाशा बघत बसलो. टायगर हिल म्हणजे एक त्रिकोण, द्रास म्हणजे एक ठिपका, दोघांत अंतर बोटभर. वर बसलेल्याला खालच्या श्रीनगर-लेह रस्त्यावरची गाडी न् गाडी दिसते, सगळ्या लढाईचं मूळ तिथे आहे, आणि तेच माझ्या नकाशात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वरून बघायचं सोडलं आणि डोंगराचा उभा छेद काढला. शेजारी मोजपट्टी म्हणून कळसूबाई. आपलं राज्यातलं सगळ्यात उंच शिखर १६४६ मीटर. द्रास गावच दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तेवढ्या उंचीवर आहे. टायगर हिल ५०६२ मीटर, म्हणजे तीन ठेवल्या तरी शंभरेक मीटर कमीच पडतात. त्या चित्राला जेवढे फोन आले तेवढे माझ्या कुठल्याच पणतीला आले नाहीत.

लगेच पुढच्या आठवड्यात माती खाल्ली. दोन्ही देशांच्या हवाई दलांची तुलना होती. एकाकडे साधारण दुप्पट विमानं, म्हणून मी दुप्पट उंचीचं विमान काढलं. चार दिवसांनी एका गणिताच्या मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. मजकूर जवळजवळ पाठ आहे: उंची दुप्पट केलीत तेव्हा रुंदीही दुप्पट झाली, म्हणजे कागदावर विमान चौपट झालं, आठवीच्या मुलाला याला शून्य मिळतं. ते कार्ड मी ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. नोकरी सुटली तेव्हा घरी आणलं.

आता ज्याच्यासाठी धागा काढला त्याच्याकडे येतो. शार्ल जोसेफ मिनार. (कुतुबवाला नव्हे.) फ्रान्समधल्या पूल-रस्ते खात्याचा निवृत्त इंजिनियर. २० नोव्हेंबर १८६९ ला, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्याने एका कागदावर दोन चित्रं छापली. वर हॅनिबलची आल्प्स ओलांडून इटलीवर स्वारी, खाली नेपोलियनची १८१२ ची रशियावरची मोहीम. हॅनिबल आज कुणाला आठवत नाही. खालचं चित्र मात्र १९८३ साली एडवर्ड टफ्टी या अमेरिकन आलेखतज्ज्ञाने डोक्यावर घेतलं आणि तेव्हापासून आलेख शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात ते दाखवतात.

त्यात बाण नाही, पट्टा आहे. नेमान नदीपाशी डावीकडे सुरू होतो, उजवीकडे मॉस्कोला जातो. एक मिलिमीटर रुंदी म्हणजे दहा हजार माणसं. सुरुवातीला ४,२२,००० माणसं, म्हणून पट्टा बेचाळीस मिलिमीटरचा. कागदावर अडीच बोटं ठेवून बघा. व्हिटेब्स्कला १,७५,०००, स्मोलेन्स्कला १,४५,०००, मॉस्कोत १,००,०००. तिथून परतीचा काळा पट्टा निघतो, स्मोलेन्स्कला येईतो ३७,०००. वाटेत मागे ठेवलेली एक तुकडी येऊन मिळते, तेवढ्यापुरता पट्टा फुगतो आणि बेरेझिना नदीवर ५०,००० चे २८,००० होतात. शेवटी नेमान ओलांडून परत येतात ते १०,०००. एक मिलिमीटर. नखाच्या कडेएवढी काळी रेघ, आणि तिच्या अगदी वर, त्याच नदीवर, जातानाचा अडीच बोटं पट्टा.

एकही लढाई त्यात दाखवलेली नाही. बोरोदिनोला हजारो माणसं कापली गेली, तिथे ना तलवारींची फुली ना तारीख. तळाशी फक्त परतीच्या वाटेवरचं तापमान, रेओम्यूर या जुन्या मापाच्या अंशात: १८ ऑक्टोबरला शून्य, ६ डिसेंबरला उणे ३०. सेल्सियसमध्ये उणे साडेसदतीस.

मला पटलंय ते एवढंच की युद्धाच्या चित्रात बाण काढला की सेनापती दिसतो, आणि पट्टा काढला की सैन्य दिसतं. आम्ही पेपरवाल्यांनी वर्षानुवर्षं पहिलंच छापलं. जाणकारांनी आपापल्या विषयातलं टाकावं.

अनुस्वार

धागा आवडला. पोस्टकार्डाचा फोटो टाका ना.

अटकेपार

लेख छान, पण निष्कर्ष जरा भावुक वाटला. नेपोलियनला थंडीने मारलं हे शाळकरी पोरालाही माहीत आहे, 'जनरल विंटर' म्हणतात ते उगीच नाही. तुम्हीच सांगताय की खाली तापमानाचा आलेख आहे. मग मिनारने वेगळं काय सांगितलं?

दुसरं, युद्धाचा नकाशा हा डावपेच समजण्यासाठी असतो. मेलेल्यांची यादी वेगळी छापता येते.

रेघोट्या

अटकेपार, बरं झालं विचारलंत, कारण मीही पहिल्यांदा तसंच वाचलं होतं. तापमान खाली ठळक दिसतं म्हणून डोळा आधी तिकडे जातो. आता फक्त जाण्याचा पट्टा बघा. ४,२२,००० मधून बाजूला पाठवलेल्या दोन तुकड्या, २२,००० आणि ६०,०००, वजा करा. उरले ३,४०,०००. मॉस्कोला पोचले १,००,०००. २,४०,००० माणसं पट्ट्यातून नाहीशी झाली ती जून अखेर ते सप्टेंबर मध्य या काळात, म्हणजे रशियातल्या उन्हाळ्यात. परतीत गेले त्यापेक्षा जाताना गेले ते कितीतरी जास्त. बर्फ पडायच्या आधीच सैन्य संपत आलं होतं.

सगळे मेले असं नाही. काही वाटेतल्या ठाण्यांवर ठेवले, काही पळाले, काही आजारी पडून मागे राहिले. पट्टा ते वेगवेगळं दाखवत नाही, हा त्याचा दोष आहेच.

आणखी एक गंमत. मिनारने चित्राच्या माथ्यावर स्वतःच लिहून ठेवलंय की जेरोम आणि दावू या नेपोलियनच्या सेनानींच्या तुकड्या मिन्स्क-मोगिलेव्हकडे गेल्या आणि पुढे येऊन मिळाल्या, पण चित्र सोपं राहावं म्हणून त्या कायम मुख्य सैन्याबरोबरच होत्या असं मी धरलंय. म्हणजे लबाडी केली आणि कबुलीही तिथेच छापली. आमच्या पेपरात 'नकाशा प्रमाणात नाही' एवढं वाक्य टाकायला मला दोन वर्षं भांडावं लागलं.

डॉ. काढा

उन्हाळ्यातल्या त्या गळतीबद्दल वैद्यकीय बाजूने थोडं.

२००१ साली लिथुआनियात विल्नियसला बांधकामाच्या खोदाईत एक सामूहिक दफनभूमी सापडली. नेपोलियनचे सैनिक, हजारोंच्या संख्येत. त्यांच्या दातांच्या गाभ्यातून जंतूंचे अवशेष शोधले गेले. २००६ च्या अभ्यासात ट्रेंच फिव्हर आणि टायफसचे जंतू मिळाले, दोन्ही उवांमधून पसरणारे. २०२५ मध्ये आणखी १३ सैनिकांचे दात नव्या पद्धतीने तपासले तर त्यात टायफस सापडलाच नाही, सापडले पॅराटायफॉइड आणि उवांमुळेच होणारा पुनरावर्ती ताप. म्हणजे कुठला आजार किती हे अजून ठरायचंय. घाण पाणी आणि उवा यांवर मात्र एकमत दिसतंय. ही माणसं परतीच्या वाटेवर विल्नाला (विल्नियसचंच जुनं नाव) पोचून मेलेली, तेव्हा अटकेपार यांची थंडी अगदीच निर्दोष सुटत नाही. थंडी, उपास आणि ताप एकत्रच आले.

दुसरं, या धाग्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल अजून आली नाही याचं आश्चर्य वाटलं. दिवेवाली बाई म्हणून आपण तिला पाचवीच्या पुस्तकात संपवतो. क्रिमियाच्या युद्धातून परत आल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाला हाताशी धरून तिने १८५८ मध्ये जे आलेख केले ते बघाच. वर्षाचे बारा महिने बारा पाकळ्या. निळा रंग टाळता येण्यासारख्या आजारांचे मृत्यू, लाल जखमांचे, काळा इतर. जानेवारी १८५५ ची पाकळी: आजाराने २,७६१, जखमांनी ८३, इतर ३२४. लाल रंग भिंगातून शोधावा लागतो. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोग तिथे पोचला, गटारं उपसली, पाण्याची सोय नीट केली, आणि दुसऱ्या वर्षाचं फूल एकदम मिटल्यासारखं लहान होतं. सरदार-दरकदारांना तक्ते वाचायचा कंटाळा असतो, चित्र मात्र ते बघतात, हे तिने बरोबर ओळखलं होतं.

रेघोट्यांच्या मास्तरांना हे आवडेल: बाईंकडूनही आधी हीच चूक झाली होती. पहिल्या आलेखात त्रिज्याच आकड्याच्या प्रमाणात घेतली, त्यामुळे मोठे महिने होते त्यापेक्षा फार मोठे दिसायला लागले. मग पाकळीचं क्षेत्रफळ आकड्याला जुळवून पुन्हा काढलं.

याचा आपल्याशीही संबंध आहे. भारतातल्या ब्रिटिश फौजेच्या आरोग्यावर १८५९ साली आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला. हजारी ६९ गोरे सोल्जर दर वर्षी मरत होते, तेही मुख्यतः छावणीत, तापाने आणि हगवणीने. त्या कामात बाई गळ्यापर्यंत होती.

अनुस्वार

२,७६१ ला ८३?? दोनदा वाचलं.

जुना खिळा

मी छापखान्यातला माणूस, खिळे जुळवत वाढलो, म्हणून चित्राच्या छपाईबद्दल. आज सगळे म्हणतात की फोटो खरा आणि हाताने काढलेलं चित्र खोटं. पण १८५५ मध्ये रॉजर फेंटन क्रिमियात फोटो काढत होता आणि ते फोटो तसेच्या तसे वर्तमानपत्रात छापायची सोयच नव्हती. हाफटोन, म्हणजे फोटो बारीक ठिपक्यांत फोडून छापायची पद्धत, यायला पुढे पंचवीस-तीस वर्षं गेली. तोवर लाकडी ठसा. इलस्ट्रेटेड लंडन न्यूज १८४२ ला निघालं ते याच जोरावर. बॉक्सवूडचं लाकूड घट्ट आणि गुळगुळीत, पण झाडाचं खोड बारीक, त्यामुळे मोठा तुकडा मिळत नाही. मग लहान लहान ठोकळे मागून बोल्टने आवळून एक पान करायचं, चित्रकाराने त्यावर चित्र उतरवायचं, बोल्ट सैल करून एकेक ठोकळा एकेका कोरक्याला द्यायचा. एकाला आभाळ, एकाला घोड्याचे पाय, एकाला धूर. रात्रभर कोरायचं, सकाळी पुन्हा आवळायचं. जुने अंक नीट बघितलेत तर आभाळात बारीक पांढरी सरळ रेघ दिसते. तो सांधा.

रणांगणावरच्या चित्रकाराने पाठवलेलं असायचं पेन्सिलचं घाईतलं रेखाटन, कडेला 'इथे उंट', 'इथे धूर' असल्या टिपणांसकट. घोडा कसा पडला, शत्रूचा चेहरा कसा, हे लंडनमधल्या कोरक्याने ठरवायचं. तो कधी बंदरापलीकडेही गेलेला नसायचा.

विल्यम सिम्पसन या चित्रकाराचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. क्रिमियात बालाक्लाव्हाला लाइट ब्रिगेड या ब्रिटिश घोडदळाचा तो प्रसिद्ध हल्ला २५ ऑक्टोबर १८५४ चा. सिम्पसन पोचला नोव्हेंबरात. म्हणजे लढाई बघितलीच नाही, ज्यांनी बघितली त्यांना विचारून चित्र केलं. हल्ल्याचा म्होरक्या लॉर्ड कार्डिगन. त्याच्याकडे रेखाटन घेऊन गेला तर साहेब म्हणे सगळं चुकलंय. दुरुस्त करून नेलं, तरी चुकलेलंच. शेवटी सिम्पसनने साहेबांनाच सगळ्यांच्या पुढे, ठळक घोड्यावर काढलं. मग चित्र एकदम बरोबर झालं.

तोफखाना

मुंबईत पाऊस, नाशकात पाऊस, घरात बसून वाचतोय. तोफखान्यात बावीस वर्षं झाली, देवळालीला दोनदा होतो. रेघोट्यासाहेब, बाणावर तुम्ही जरा अन्याय करताय.

आमच्याकडे नकाशावर टाल्क (पारदर्शक प्लास्टिक) पसरायचा आणि त्यावर चायनाग्राफ पेन्सिलने खुणा. आपण निळे, शत्रू लाल. चौकोनात फुली म्हणजे पायदळ, जुन्या गणवेशात छातीवर जे आडवेतिडवे पट्टे असत ते. एकच तिरकी रेघ म्हणजे घोडदळ. लंबगोल म्हणजे रणगाड्याचा ट्रॅक. नुसता ठिपका म्हणजे आम्ही, तोफेचा गोळा. चौकोनाच्या डोक्यावर एक फुली असेल तर ब्रिगेड, दोन असतील तर डिव्हिजन. अर्ध्या मिनिटात अख्खं युद्ध वाचता येतं. त्यात बाण म्हणजे हुकूम आहे. उद्या पहाटे इथून इथे जायचं, बस. तो घडलेली गोष्ट सांगतच नाही. गडबड कुठे होते, तर लढाई संपल्यावर तुम्ही लोक तोच बाण 'असं घडलं' म्हणून छापता.

आणि धाग्याच्या नावातल्या प्रश्नाचं उत्तर: बाणाची जाडी पेन्सिलचं टोक किती झिजलंय त्यावर असते.

हल्ल्याआधी सँड मॉडेल करायचं. जमिनीवर दहा-बारा फुटांचा चौकोन, मातीचे डोंगर, रंगवलेला लाकडाचा भुसा झाडीला, निळी लोकर नदीला, रस्त्याला चुना. आमच्या युनिटला सांगलीकडचा एक पोरगा होता, त्याचा हात रांगोळीत असा बसलेला की चिमटीतून धार सोडून कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढायचा, एकसारख्या. घरी बहिणींबरोबर शिकला म्हणे. त्याला बाकी ड्यूटी माफ. सगळे भोवती उकिडवे बसायचे, साहेब काठी घेऊन सांगायचे, मग एकेकाला उठवून विचारायचे, तू कुठे, तुझ्या डावीकडे कोण, ही नाळ कुठे उतरते. अंधारात चढताना डोळ्यांपुढे नकाशा येत नाही, ती रांगोळी येते. ब्रीफिंग संपलं की पायाने सगळं मोडून टाकायचं. तो पोरगा दर वेळी आधी बाजूला व्हायचा, मोडताना बघायचा नाही.

तुमच्या मिनारचा पट्टाही आमच्याकडे असतो, फक्त त्याला कुणी चित्र म्हणत नाही. रोज सकाळी परेड स्टेट जाते: हजर किती, रजेवर किती, दवाखान्यात किती. ती तीनशे दिवसांची परेड स्टेट एकाखाली एक लावा, झाला पट्टा.

रेघोट्या

तोफखाना, दंडवत. परेड स्टेटचं हे मला आयुष्यात सुचलं नसतं. बाणाबद्दल निम्मं मान्य. हुकमाचा बाण बातमीचा बाण म्हणून छापला जातो, ही चूक आमची.

अटकेपार

थंडीबद्दल माघार घेतो, सव्वादोन बोटं मोजून बघितली. (अडीच नव्हे, माझी बोटं जाड आहेत.)

पण एक विचारतो. फ्रेंचांचं कौतुक पुरे, पानिपताचं असं चित्र कुणी का केलं नाही? आपल्याकडे तर जायची वाट, तारखा, मुक्काम सगळं आहे. परतूर ते पानिपत एक पट्टा काढा की.

मोडीवाचक

अटकेपार, इच्छा चांगली आहे. तारखा खरंच आहेत. भाऊसाहेब मार्च १७६० च्या मध्याला परतुराहून निघाले, पावसाळ्यात गंभीर नदीने अडवून धरलं, ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला, त्यानंतर आठ-नऊ दिवसांत अब्दाली बागपतला यमुना उतरून अलीकडे आला, डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले पडले, १४ जानेवारी १७६१ ला लढाई. आडवी रेघ आखून देतो, पाहिजे तर आत्ता.

घोडं अडतं ते रुंदीपाशी. मिनारला थिएर, सेगुर, शांब्रे, फेझांसाक यांच्यासारख्यांचं लेखन होतं, शिवाय सैन्यातल्या एका औषधविक्याची अप्रकाशित रोजनिशी होती. आपल्याकडे पत्रं आहेत, बखरी आहेत, काशीराजाची हकीकत आहे, आणि प्रत्येकात आकडा निराळा. त्यातून सरदाराचं कागदावरचं पथक आणि मैदानातलं पथक एक नसायचं, हे पेशवे दप्तर चाळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

आणि आपला पट्टा मिनारसारखा वागणारही नाही. तो वाटेत जाड होत जाईल. लढणाऱ्यांबरोबर बायका, यात्रेकरू, वाणी, बाजारकरी, नोकरचाकर. ज्यांना आपण बुणगे म्हणून मोकळे होतो ते. सूरजमल जाटाने सांगितलं होतं की बायकामाणसं आणि जड सामान मागे ठेवा. ऐकलं नाही.

चित्र म्हणाल तर एक आहे, फैजाबाद शैलीतलं, साधारण १७७० चं, सध्या ब्रिटिश लायब्ररीत. अब्दालीच्या बाजूने लढलेल्या नवाब शुजाच्या अवधात काढलेलं, म्हणजे जिंकणाऱ्यांच्या बाजूचं. दिवसभराची लढाई एकाच कागदावर, सगळं एकाच वेळी चाललेलं. बुणगे त्यात शोधत बसावे लागतात.

बाकी आपल्या लोकांनी पानिपताचा आलेख एका ओळीत काढलाच होता. सावकाराच्या सांकेतिक पत्रात: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. सरदार म्हणजे मोहरा, मोजलेल्या. माणूस म्हणजे खुर्दा. नाण्याच्या किमतीवरून माणसाचा आकार ठरवला आणि सगळ्यात मोठा आकडा मोजायचाच सोडून दिला.

जुना खिळा

मोडीवाचक, त्या ओळीकडे असं कधी बघितलं नव्हतं.

डॉ. काढा

एक सुचवू का? पानिपताचा पट्टा माणसांचा काढूच नका, दाण्याचा काढा. शेवटचे दोन महिने तिथे तेच ठरवत होतं. कुंजपुऱ्याला रसद हाती लागली, तिथे पट्टा जाड. अब्दाली दिल्लीच्या वाटेवर येऊन बसला, तिथे मुख्य धार तुटली. बुंदेले गेले, आणखी एक धार गेली. १४ जानेवारीला सकाळी उपाशी बाहेर पडले, तिथे शून्य. किती खंडी हे सांगता आलं नाही तरी कुठल्या महिन्यात कुठली वाट बंद झाली हे दाखवता येतं ना?

तोफखाना

डॉक्टर, शंभर टक्के. घोड्यांची वैरणही त्यातच धरा. उपाशी माणूस एक दिवस लढतो, उपाशी घोडा तोफ ओढत नाही.

अटकेपार

आणि ज्याला आकडाच नाही त्याची रुंदी काय घेणार? पुन्हा पोस्टकार्ड येईल.

रेघोट्या

काल रात्री बसलो होतो. कॉम्प्युटर लावलाच नाही, नातवाच्या चित्रकलेच्या वहीचे दोन कागद चिकटवले. डावीकडे परतूर, उजवीकडे पानिपत. वाटांच्या रेघा मोडीवाचकांच्या तारखांप्रमाणे. जिथे पुरावा आहे तिथे कड सलग, जिथे अंदाज आहे तिथे तुटक, आणि वरच्या कोपऱ्यात मिनारसारखं सरळ लिहिलं: 'रुंदी मापाची नाही, वाट चालू की बंद एवढंच बघावे.' कुंजपुऱ्यापर्यंत चित्र बरं जमलं. बागपतला दक्षिणेकडची धार कापली तेव्हा पेन्सिल दाबली गेली, कागद जरा फाटला, असू दे.

अडलोय बुणग्यांपाशी. दाणा खाणारी तोंडं दाखवायची तर तेही हवेत, लष्कराच्या पट्ट्याला लागूनच. भगवा लष्कराला दिलाय. यांना कुठला रंग देऊ? राखाडी दिला तर मागच्या धुळीसारखे दिसतात, लाल द्यायला मन होत नाही.

मोडीवाचक

आकडा नाही, नावं नाहीत. रंग देऊ नका, कोरंच सोडा. कड मात्र काढा.

तोफखाना

आणि कड सलग काढा साहेब. ती माणसं होती यात अंदाज कसला.

रेघोट्या

काढली. लष्कराच्या पट्ट्यापेक्षा जागा जास्त घेतेय, कागद पुरत नाही. तिसरा चिकटवतो आणि उजेड आला की फोटो टाकतो. अनुस्वार, पोस्टकार्डाचाही टाकतो त्याच वेळी.